तळ्यातली कासवे मेली नव्हती

एकाच आठवड्यात मी एकाच तळ्यातली कासवे दोनदा मृत म्हणून छापली. पहिल्या बातमीत ती विषाने मेली. दुसऱ्या बातमीत ती पुरून टाकली गेली. दोन्ही बातम्या तीन कॉलमी होत्या, दोन्हींचे मथळे चांगले जमले होते आणि दोन्ही चूक होत्या. तिसरी बरोबर होती. पस्तीस वर्षे वार्ताहरकी केल्यावर कोणती बातमी सांगण्यासारखी, असे कोणी विचारले तर मी ती तिसरी सांगतो. पण पहिल्या दोन सांगितल्याशिवाय ती सांगता येत नाही.

जालना जिल्हा तेव्हा नवा होता. औरंगाबादला दैनिकाच्या डेस्कवर दोन वर्षे काढल्यावर मला परतूर तालुक्याचा वार्ताहर म्हणून पाठवले. मुक्काम आष्टीला. आज ज्यांच्या खिशात फोन आहे त्यांना आमचे काम समजावून सांगावे लागते. बातमी हाताने लिहायची, पाकिटात घालायची, पाकिटावर ‘प्रेस मजकूर, तातडीचा’ असे लिहायचे आणि दोनच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. औरंगाबादच्या स्टँडवर कार्यालयाचा शिपाई ते पाकीट उतरवून घेई. बस चुकली की बातमी एक दिवस शिळी. फारच मोठे काही घडले तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि लाइन मिळेपर्यंत बाकावर बसायचे.

डेस्कवर आम्हाला पाच प्रश्न पढवले होते: काय, कोण, कुठे, केव्हा, का. यातला एक जरी रिकामा सोडला तर उपसंपादक मजकूर परत पाठवत. त्यामुळे आम्ही रिकामा सोडत नसू. माहिती नसली की ‘समजते’, ‘बोलले जाते’, ‘संशय आहे’ हे शब्द हाताशी असत.

त्या उन्हाळ्यात आष्टीपासून आठ मैलांवरचे एक गावतळे पूर्ण आटले. गावाचे नाव लिहीत नाही. तेव्हाचे काही जण अजून तिथेच राहतात. रोजगार हमीतून तळ्यातला गाळ काढायचे काम निघाले होते. शंभरावर मजूर, त्यात निम्म्याहून जास्त बाया. वरचा थर वाळून त्याला पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. त्याखाली हात-दीड हात खणले की गाळ गार आणि ओलसर लागे. चौथ्या दिवशी एका टिकावाखाली दगड लागला म्हणून मजुराने तो उपसून काढला, तर ते कासव होते. पाय आत, डोके आत, अंगाला गाळाचा लेप, हालचाल नाही. थोड्याच वेळात आणखी निघाली. मजुरांनी ती काठावर नेऊन ढीग घातला आणि पुढे खणायला लागले.

कामावरचा मुकादम दुसऱ्या दिवशी सायकलीवर आष्टीला आला होता. त्याने मला हॉटेलात गाठले. दीड वाजला होता. किती कासवे, असे मी विचारले. चाळीस तरी असतील, असे तो म्हणाला. कशाने मेली, असे विचारले.

“काय म्हाईत साहेब. पाण्यात कोणी कायतरी टाकलं असंल.”

तळ्यात मासे कोण धरतो, हेही मी विचारले. ठेका भोयांच्या लिंबाजीकडे आहे आणि आठ दिवसांपासून तो गावात नाही, असे त्याने सांगितले. मी तिथेच टेबलावर बातमी लिहिली. ‘चाळीसहून अधिक कासवे मृत; विषप्रयोगाचा संशय’. तिसऱ्या परिच्छेदात असे वाक्य होते: ‘तळ्यातील मासेमारीचा ठेका श्री. लिंबाजी यांच्याकडे असून ते सध्या गावात नाहीत, असे समजते.’ या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. ते वाक्य त्या जागी लिहिणे हा खोटेपणा होता. तो मला कळायला चार दिवस लागले. दोनची बस मात्र मिळाली.

बातमी छापून आली आणि तिला पाय फुटून ती गावभर फिरली. तळ्यात विष होते म्हणजे गाळही विषारी, असा लोकांनी हिशेब केला. ज्यांनी गाळासाठी बैलगाड्या सांगून ठेवल्या होत्या त्यांनी नको म्हणून कळवले. गाळ न्यायला कोणी नाही आणि वर विषाचा बोभाटा, म्हणून तालुक्याहून काम थांबवण्याचा निरोप आला. शंभर माणसे घरी बसली. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, कारण मी छापील होतो. राग लिंबाजीवर होता.

लिंबाजी पोरीच्या सासरी गेला होता. काम बंद पडले त्याच संध्याकाळी तो परतला, थेट तळ्याकडे गेला आणि काठावरची कासवे दोन पोत्यांत भरून घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांना त्याच्या गोठ्यातली माती ताजी उकरलेली दिसली. कोणीतरी फावड्याने उकरून पाहिले. खाली कासवे होती, ओळीने पुरलेली.

गावाला पुरावा मिळाला. मला दुसरी बातमी मिळाली: ‘मृत कासवे रातोरात पुरली’. या खेपेलाही मी आष्टीतच होतो.

शुक्रवारी सकाळी दहाला ग्रामसभा ठरली. विषय एकच, लिंबाजीचा ठेका काढून घेणे. लिंबाजीच्या घरात हे तळे तीन पिढ्यांपासून होते. त्याला जमीन नव्हती. जाळी विणणे आणि या तळ्यातले मासे आष्टीच्या बाजारात नेणे याखेरीज त्याला दुसरे काम येत नव्हते. ठेका गेला तर गाव सोडावे लागणार होते.

या सभेला मी गेलो. खरे सांगायचे तर बसमध्येच बातमीची सुरुवात लिहून ठेवली होती: ‘ठेका रद्द करण्याचा ठराव ग्रामसभेने एकमताने मंजूर केला.’ फक्त मतांचा आकडा भरायचा होता. दुसरी बाजू विचारली असे दाखवण्यासाठी सभेआधी दहा मिनिटे लिंबाजीच्या घरी गेलो.

दारात त्याची बायको कौसाबाई उभी होती. ती स्वतः त्या गाळाच्या कामावर घमेली वाहायला होती. काम बंद पडले तसे तिचेही पडले. मी कोण ते सांगितले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तुमीच का ते? मला वाटलं, मोठं माणूस असंल.” मग म्हणाली, “भाऊ, एक सांगा. तुमी त्या कासवाला डोळ्यानं पाह्यलं का?”

नाही, असे मी म्हणालो.

“हात लावला?”

नाही.

“मंग मेलं म्हून कोणी सांगितलं तुमाला, त्या कासवानं?”

आतून लिंबाजी बाहेर आला. पन्नाशीचा, सडपातळ, बोलण्यात घाई नसलेला माणूस. बायकोला गप्प बस म्हणाला नाही. मला गोठ्यात घेऊन गेला, माती बाजूला केली आणि एक कासव उचलून माझ्या हातात दिले. जड होते आणि गार होते. बाहेरच्या उन्हात त्या वेळी पत्रा धरवत नव्हता.

“वास घ्या,” तो म्हणाला.

मी नाकाजवळ नेले. ओल्या मातीचा वास आला.

“मेलेलं कासव दोन दिसात नाकाला कळतं, साहेब. घरात उभं राहू देत न्हाई. हे निजलंय.”

मग त्याने जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. तळ्याचे पाणी उतरू लागले की ही कासवे काठच्या गाळात शिरतात. पाणी जाते तसतशी खाली सरकतात. मागच्या पायांवर चामड्याच्या झडपा असतात, त्या मिटून घेतात. खात नाहीत, हलत नाहीत, पाण्याची वाट पाहतात. वर ऊन कितीही तापो, ओल आहे तोवर त्यांना काही होत नाही. उपसून उन्हात टाकली तर मात्र तीन-चार दिवसांत खरेच मरतात. म्हणून त्याने ती उचलून पुन्हा मातीत घातली. ज्याला गाव पुरावा लपवणे म्हणत होते आणि मी ज्याची बातमी केली होती, ते हे काम होते.

त्याच्या घरात एक रीत होती. तळे आटले की घरातला कर्ता पुरुष बोथट टोकाचा बांबू घेऊन कोरड्या तळ्यात पाऊल-पाऊल टोचत फिरायचा. गाळात बांबू मुकाट जातो, दगडावर कडक वाजतो, कासवाच्या पाठीवर डब्यावर बोट मारल्यासारखा वाजतो. जिथे तसा आवाज येईल तिथे रुईची फांदी रोवायची. गावात कोणाला शेतासाठी गाळ न्यायचा असला तर तो रुईची फांदी सोडून खणायचा. त्याच्या बापाने हे केले, त्याने केले. या वर्षी काम सरकारी होते, ते ठरलेल्या तारखेला सुरू झाले, आणि त्या तारखेला लिंबाजी पोरीच्या गावी होता. कोणी त्याची वाट पाहिली नाही. पाहायची असते हे मुकादमाला माहीतही नव्हते, तो परतूरचा.

हे आधी गावाला का सांगितले नाही, असे मी विचारले.

“सांगितलं ना. लोक म्हनले, पेपरात तर मेलं म्हून आलंय.”

सभा चावडीपुढच्या लिंबाखाली होती. सरपंच आबाराव नेमस्त माणूस होता, पण त्याच्या मागे काम गमावलेली शंभर माणसे बसली होती. त्याने ठरावाचा कागद वाचायला घेतला. लिंबाजीने हात जोडून मध्येच थांबवले आणि म्हणाला, मला दोन तास आणि चार घागरी पाणी द्या. कासवे उठली तर ठेका ठेवा. नाही उठली तर मीच सही करतो.

दोन तासांना कोणाची हरकत नव्हती. पाण्याला होती. गावाला एक दिवसाआड टँकर येत होता आणि घरटी मोजून घागरी मिळत होत्या. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा कासवाला न्हाऊ घालून राह्यला, असे मागून कोणीतरी म्हणाले. त्यावर हशा झाला. कौसाबाई उठली, घरी गेली आणि स्वतःच्या वाट्याच्या घागरी एकेक करून घेऊन आली. त्या दिवसाचे घरातले सगळे पाणी तेवढेच होते. चौथी घागर ओतताना ती त्या मागच्या माणसाकडे पाहून म्हणाली, “उठलं तर पह्यले तुमालाच चावाया सांगते, दाजी.”

पाणी गुळाच्या एका जुन्या काहिलीत ओतले. लिंबाजीने गोठ्यातून तीन कासवे आणली. कोणती आणायची ते त्याने निवडले नाही. सरपंचाच्या माणसाने बोट दाखवले ती घेतली. दहा वाजून वीस मिनिटांनी ती पाण्यात ठेवली. वेळ वहीत आहे.

अर्धा तास काहीच झाले नाही. अंगावरचा गाळ सुटून पाणी काळे झाले, एवढेच. लोक आधी काहिलीभोवती गोळा झाले होते, ते हळूहळू सावलीला सरकले. आबाराव एकदा घड्याळाकडे आणि एकदा ठरावाकडे पाहत होता. लिंबाजी काहिलीच्या कडेला उकिडवा बसला होता. पाण्यात बोट घालायचा मोह त्याला एकदाही झाला नाही. मी बसमध्ये लिहिलेला कागद खिशातच होता. मला आठवते की मी त्या कासवांना मनातल्या मनात ऊठ म्हणत होतो. वार्ताहराने कोणाची बाजू घेऊ नये, या नियमाचा तो भंग होता.

अकरा वाजून आठ मिनिटांनी पाण्यावर एक बुडबुडा आला. पाठोपाठ तीन-चार. मग काळ्या पाण्यातून पेन्सिलीच्या टोकाएवढे नाक वर आले, थांबले आणि आत गेले. पुन्हा वर आले ते डोळ्यांसकट. लांब मान काढून त्या कासवाने सगळ्या ग्रामसभेकडे पाहिले.

सावलीतली माणसे उठून पुढे आली. पाच मिनिटांत दुसरे हलले आणि काहिलीच्या कडेला नखांनी खरवडू लागले. मघाशी बोललेला माणूस सर्वांत पुढे होता. तो एकदम मागे सरकला तेव्हा मात्र बाया मोठ्याने हसल्या.

तिसरे उठले नाही. लिंबाजीने वाट पाहिली, ते बाहेर काढले, नाकाला लावले आणि बाजूला ठेवले. “हे गेलं,” तो म्हणाला. “ढिगात सगळ्यात वर व्हतं. ऊन लागलं.” पोत्यांतून नेलेली एकूण कासवे चाळीस नव्हती, बावीस होती. त्यांतली पाच शेवटी गेली. ती विषाने गेली नाहीत. उन्हात पडल्याने गेली, आणि त्यांना उन्हात पडून राहू देणाऱ्यांत मीही होतो. मुकादम भेटला त्या दिवशी दीड वाजता त्याची सायकल मागून घेतली असती तर अंधार पडायच्या आत जाऊन येता आले असते.

आबारावाने ठरावाचा कागद घडी करून कोपरीच्या खिशात घातला. मग लिंबाजीला म्हणाला, “तळं तुझंच हाये. आमचं चुकलं.” मराठवाड्यातल्या सरपंचाने भर सभेत हे वाक्य बोललेले मी नंतरच्या तीस वर्षांत फारसे ऐकले नाही. मग त्याने वळून माझ्याकडे पाहिले. माझी पाळी होती.

मी आष्टीला येऊन पोस्टातून ट्रंक कॉल लावला. चुकीची बातमी गेली तर चौथ्या पानावर तळाला बारीक टाइपात चार ओळींचा खुलासा द्यायचा, ही आमच्या दैनिकाची पद्धत होती. डेस्कवरचे उपसंपादक तेच म्हणाले. मी म्हणालो, खुलासा नाही, बातमी आहे. त्याच पानावर, त्याच जागी, तीन कॉलम. त्यांनी सुरुवात वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली: ‘या तळ्यातील कासवे विषाने मेल्याची व ती पुरल्याची आमच्या वार्ताहराने दिलेली दोन्ही वृत्ते चुकीची होती. वार्ताहर तेव्हा घटनास्थळी गेला नव्हता.’

त्यांनी ती उतरवून घेतली.

“दुसरं वाक्य काढा,” ते म्हणाले. “अशानं तुमच्यावर कोण विश्वास ठेवील?”

ते वाक्य काढले तर पहिल्यावर कोण ठेवील, असे मी विचारले. ते म्हणाले, संपादकांशी बोलतो. ऑपरेटरने वेळ संपल्याचे सांगितले आणि पूर्ण मजकूर मी दोनच्या बसने धाडला. दुसऱ्या दिवशी बसने अंक आला तेव्हा बातमी तीन कॉलमांत होती आणि दोन्ही वाक्ये जागेवर होती. सत्तावीस वर्षांचा होतो. स्वतःची चूक छापून आल्याचा इतका आनंद मला त्याआधी किंवा त्यानंतर झालेला नाही. ते अंक घेऊन मी स्वतः गावात गेलो. चावडीवर तलाठ्याने बातमी मोठ्याने वाचली. कौसाबाईने ती दोनदा वाचायला लावली.

त्या बातमीचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. जमिनीखाली झोपलेले जे काही सापडेल ते लोक माझ्याकडे आणू लागले. तीर्थपुरीच्या एका विहीर खणणाऱ्याने रुमालात गुंडाळून बेडूक आणला. दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढ्या, खोलीवर मुरमात सापडला होता. माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यात तो संध्याकाळपर्यंत जागा झाला आणि मला तांब्या बदलावा लागला. पुढे जालन्याच्या कार्यालयात बदली झाल्यावर भोकरदनहून एक मास्तर गोगलगायींनी भरलेली काडेपेटी घेऊन आले. त्या गोगलगायींनी शंखांची तोंडे कागदासारख्या पापुद्र्याने बंद करून घेतली होती. जालन्यातल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला शब्द सांगितला: ग्रीष्मनिद्रा. थंडीत झोपणारे प्राणी सगळ्यांना ठाऊक असतात, आपल्याकडचे उन्हाळ्यात झोपतात, असे ते म्हणाले. प्राण्याचा श्वास आणि रक्ताचा वेग इतका उतरतो की जाणकार नसलेल्याला तो मेलेलाच वाटतो. हे मला माहीत होते, असे मी त्यांना सांगितले. कसे ते सांगितले नाही.

कासवांची गोष्ट मात्र बातमी छापून आली त्याच्या पुढच्या आठवड्यात संपली. विष नाही हे सिद्ध झाल्यावर तळ्याचे काम पुन्हा सुरू झाले. या खेपेला मी आधी तळ्यावर गेलो आणि मग वही काढली. शंभर मजुरांच्या वीस पावले पुढे लिंबाजी बांबू टोचत चालला होता. मध्येच थांबून कान देई, गुडघ्यावर बसून हाताने गाळ उकरी आणि कासव ओल्या पोत्यात ठेवी. पोती भरली की बैलगाडी ती गावाबाहेरच्या जुन्या बारवेकडे नेई. तिच्या तळाशी अजून हातभर चिखल होता. त्यात ती पुन्हा पुरली जात. रिकाम्या झालेल्या पट्ट्यात मग टिकाव चालत.

तहसिलीच्या परवानगीने लिंबाजीला मजूर म्हणून मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, घेतले होते. मस्टरात प्रत्येकापुढे कामाचा प्रकार लिहावा लागतो: खोदाई, भराई, वाहतूक. लिंबाजीपुढे काय लिहायचे यावर मुकादमाने अर्धा दिवस घालवला होता. नोंद मी पाहिली. सुवाच्य अक्षरात होती: ‘कासवे जागी न करता हलविणे.’

मी ती उतरवून घेत असताना घमेली डोक्यावर घेतलेल्या बायांची ओळ मोठमोठ्याने बोलत माझ्या शेजारून गेली. पुढे कौसाबाई होती. तिने नवऱ्याकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले आणि मागे वळून म्हणाली, “बायांनो, हळू बोला गं. आमच्या मालकाची गिऱ्हाइकं निजलीत.”

ओळ हसली. आणि लिंबाजीच्या पट्ट्यापाशी आल्यावर त्या खरोखरच हळू बोलू लागल्या.